डेल्माला सलणारं पिस्तूल

वायोमिंगच्या पठारावर डेल्मा होल्कम घोड्यांना नाल ठोकत फिरायची. एका तबेल्याहून दुसरीकडे जाताना वाटेत माणूस दिसेलच असं नव्हतं. वाऱ्यानं गवत असं लवायचं, की आपली गाडी चालतेय की जमीनच वाहतेय हे तिला कळेनासं व्हायचं. नवरा क्लाइड गेल्यापासून हा एकटेपणाच तिला सोबत वाटे.

त्या वसंतात मात्र एक अनोळखी गाडी बराच वेळ तिच्या मागे राहिली. डेल्मा थांबली की ती थांबायची, डेल्मा निघाली की निघायची. शेवटी वळून गेली, पण डेल्माची झोप उडाली.

अंगावर बाळगायला पिस्तूल हवं म्हणून ती आर्डिसच्या दुकानात गेली. आर्डिस तिची शाळेपासूनची मैत्रीण; बंदुका आणि मासेमारीचं सामान विकायची.

"क्लाइडचं पिस्तूल आहे की घरात," आर्डिस म्हणाली.

"ते कमरेला लावून वाकलं की बरगडीत घुसतं. आणि माझा सगळा दिवस वाकण्यातच जातो."

"मग वाकून दाखव इथंच."

डेल्मानं स्टुलाचा पाय घोड्याच्या खुरासारखा गुडघ्यांत धरला. आर्डिस एकेक रिकामं पिस्तूल तिच्या शर्टाखाली कमरेला लावून बघू लागली. एकाची मूठ तिच्या सुजट बोटांत बसेना, दुसऱ्याचा खटका ओढवेना.

"स्टुलाला नाल ठोकतेस काय गं?" गळ घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या लॉयडनं विचारलं.

"पुढचा नंबर तुझा आहे. पाय धुऊन ये," डेल्मा म्हणाली.

अखेर एक चपटं, हलकं पिस्तूल सापडलं. "हे ने," आर्डिस म्हणाली, "तासाभरात विसरशील बघ."

आणि ती खरंच विसरली.

जूनमध्ये ती मिसेस एकार्टच्या म्हाताऱ्या घोडीचा पाय मांडीवर घेऊन वाकली होती. उन्हात गवताचे कण तरंगत होते, घोडीचा ऊबदार श्वास मानेवर येत होता. डेल्माचे डोळे मिटले. क्लाइड दारात कॉफी घेऊन उभा आहे, काहीतरी गुणगुणतोय, असं वाटलं. तेवढ्यात घोडी हलली आणि डेल्मा पेंढ्यात कोसळली. मिसेस एकार्टनी हसत तिला कमरेला धरून उठवलं, आणि त्यांचा हात तिथंच थबकला.

"डेल्मा, हे काय गं?"

डेल्मानं चाचपलं. दुसऱ्याच कुणाची वस्तू आपल्या अंगावर सापडावी तशी ती दचकली. भरलेलं पिस्तूल घेऊन ती स्वप्न बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात हजर.

"हे टोचत नाही."

"ही तक्रार आहे?"

"हो. दुखायला नको, पण आहे हे कळायला हवं."

आर्डिसनं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि थोडं जड, जाड मुठीचं पिस्तूल काढलं. ते लावून डेल्मा वाकली. कमरेवर कुणी बोट टेकवावं तसं ते लागलं. तिनं तेच घेतलं.

आता दर शनिवारी दोघी वाळूच्या टेकाडामागे नेमबाजीला जातात. मग गाडीच्या मागच्या फळीवर बसून पीच भरलेली पेस्ट्री खातात आणि ढगांच्या सावल्या गवतावरून सरकताना बघत राहतात.