मुलुंड ते मरोळ, पिवळा दिवा बघत

सकाळी आठला मुलुंडहून गाडी काढली तेव्हा स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा पेटलेलाच होता. इंजिनाच्या आकाराचा आहे. गाडीच्या धुरात खोट असली की तो लागतो. पंधरा दिवस मी त्याच्याकडे बघितलंच नाही. परवा पंपावर पीयूसी (धुराचं सर्टिफिकेट) काढायला गेलो. तिथल्या बाईने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडे बघितले आणि मान हलवली. "काका, नापास. धुराला पेट्रोलचा वास मारतोय."

मुलगा सचिन म्हणाला, "बाबा, चौदा वर्षांची गाडी. भंगारात द्या आता." मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "एकदा दाखवून या. मोठं काम निघालं तर द्यायची. कबूल?" मी कबूल म्हटलं. शब्द दिला की दिला. पण मला गाडी द्यायची नव्हती. बाजूची सीट अजून मागे सरकवलेली आहे. हिचे पाय सुजायचे, म्हणून तशी लागायची. शेवटचं वर्ष हॉस्पिटलला ह्याच गाडीतून गेलो-आलो. ती जाऊन चार महिने झाले. सीट मी पुढे घेतलेली नाही.

गावाकडची मंडळी मुंबईत येतात ती समुद्र बघून परत जातात. ही बाजू कोणी बघत नाही, म्हणून लिहितो. हायवेला लागलं की डावीकडे मिठागरं आणि खारफुटी (खाडीच्या चिखलातली झाडं). सकाळी त्यावर पांढरे बगळे बसलेले असतात. उजवीकडे विक्रोळी आली की कारखाने. त्यातल्या एकात मी एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काढली. सातवी शिकलेल्याला तेवढंच मिळायचं. गेट आता बंद आहे, वर पिंपळ उगवलाय. मी गाडी हळू केली नाही. दिवा बघत होतो.

घाटकोपरला जुना गॅरेजवाला आहे, आधी त्याच्याकडे गेलो. त्याने गाडी चालू करायला लावली, मागे उभा राहून वास घेतला आणि म्हणाला, "कन्व्हर्टर गेला. सायलेन्सरमध्ये धूर साफ करायचा डबा असतो, तो. ह्या गाडीला आता खर्च करू नका, काका. विका."

"बोनेट तरी उघड की."

"तीस वर्षं हेच करतोय. मला आवाजावरून कळतं."

"मी एकतीस वर्षं मशीनवर होतो. मला आवाजावरून फक्त जेवणाची सुट्टी कळायची."

तो हसला, पण बोनेट उघडलं नाही. म्हणाला, "विश्वास नसेल तर मरोळला जा. प्रकाशकडे स्कॅनर आहे, गाडीची नाडी बघायचं यंत्र. तो पण हेच सांगेल."

शेजारच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. जळजळीत होती, पाव ताजे होते. खाऊन झालं आणि हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. खिशात डबी नव्हती. हिच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. सचिन म्हणाला, बाबांना सांभाळीन. सून म्हणाली, दिवसवार सगळे करू. कावळे झाडावर बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी मी मोठ्याने बोललो, "तंबाखू सोडतो." लगेच एक खाली आला. त्या दिवसापासून घरात चिमूटभर तंबाखू नाही.

असल्फ्याच्या चढावर गाडी गचके खायला लागली आणि बंद पडली. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, आता आराम द्या दोघांना पण." मग स्वतःच उतरून ढकलायला आला, तेव्हा गाडी कशीबशी चालू झाली. असली माणसं आहेत इथे. पण मला वाटलं, संपलं. घाटकोपरवाला बरोबर बोलला. सचिनला फोन लावायला काढला, आणि परत ठेवला.

मरोळला प्रकाश बोनेट उघडतानाच म्हणाला, "खंयचे तुम्ही?" (कुठले.)

"कणकवलीकडचो."

"मग बसा. चहा घ्या."

त्याने यंत्राची वायर स्टिअरिंगखाली जोडली, यंत्राच्या काचेवरची अक्षरं वाचली. "धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गप्प आहे. पण तो मेलाय की त्याची तार तुटलीय, हे यंत्र सांगत नाही. हाताने बघायला लागतं." तो वाकून त्या तारेवरून बोट फिरवत गेला. बराच वेळ. मी चहा तसाच धरून उभा.

"हे बघा." तार कुरतडलेली. खाली लेंड्या, शेंगांची टरफलं. "उंदीर. कन्व्हर्टरला काही झालेलं नाही."

मग बॅटरीमागे हात घालून त्याने एक पुरचुंडी काढली. निळं कापड, पिवळे ठिपके. ती साडी मी ओळखली. त्याने वास घेतला.

"तंबाखू. उंदरासाठी ठेवतात. पण हिचा वास उडालाय, महिन्याला बदलायला लागते. कोण ठेवायचं?"

"मंडळी."

"मग आता का नाय ठेवत?"

"गेली."

प्रकाशने हात पुसले आणि मग पुरचुंडी माझ्या हातात दिली.

माझ्या डबीतली तंबाखू नेहमी कमी व्हायची. मी हिच्यावर ओरडायचो, चोर म्हणायचो. ती म्हणायची, "तुमच्या पोटात नाय गेली ना, मग झालं." मला वाटायचं, मोरीत टाकते. गाडीत ठेवते हे कधी बोलली नाही. आणि तिच्यासाठी मी तंबाखू सोडली, त्यात पुरचुंडीची पण सुटली. उंदराला वाट मीच दिली.

प्रकाशने तार जोडली, वरून नळी चढवली, यंत्राने जुनी नोंद पुसली. चावी फिरवली. दिवे लागले, विझले. पिवळा पण विझला.

परत येताना पवईवरून आलो. तलावावर जलपर्णी पसरलेली, मध्ये थोडं पाणी चमकत होतं. काचा खाली घेतल्या. मुलुंडच्या पंपावर त्याच बाईने नळी घातली. "पास, काका." सचिनला फोन केला. "उंदीर होता." तो म्हणाला, "मग ठेवा गाडी."

नाक्यावरच्या पानवाल्याने मला बघून डोळे मोठे केले. "काय काका, चालू केली परत?"

"गाडीला पाहिजे."

घरी तिची निळी साडी काढली. एका कोपऱ्यातून चौकोनी तुकडे कापलेले, सरळ, कडा दुमडून शिवलेल्या. मला शिवता येत नाही. नुसता तुकडा कापला, तंबाखू घातली, दोऱ्याने बांधली. वास नाकात चढला, तोंडाला पाणी सुटलं. खाली जाऊन पुरचुंडी बॅटरीमागे ठेवली, वर येऊन साबणाने दोनदा हात धुतले.

दिवसभरात मुलुंडहून मरोळपर्यंत गेलो आणि आलो, एवढाच प्रवास. ती शेजारी बसायची, मी रस्ता बघायचो. बोनेटखाली कोण काय ठेवतंय, ते चौदा वर्षांत एकदा वाकून बघितलं नाही.

महिन्याला एक बदलायची. साडीत अजून पुष्कळ कापड आहे. माझ्यापेक्षा जास्त पुरेल.