जॉर्जेटखालचा कागद

दहावीनंतर मला पुढं शिकवायचं नाही असं घरात ठरलं, तेव्हा दौंडच्या फुफीनं मला मागून घेतलं. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. फुफा रेल्वेत होते आणि बरेचदा ड्युटीवर बाहेरगावीच असायचे. फुफी घरात मशीनवर भरतकाम करायची. "शिरूरला बसून काय करणार हाय ही? माझ्याकडं द्या. हाताला काम तरी लागंल," असं ती अब्बांना म्हणाली. मला फार आनंद झाला होता. लहानपणी तिनं भरलेली ओढणी बघितल्यापासून मला तेच शिकायचं होतं.

तिच्याकडं राहूपासून भांडगावपर्यंतची लग्नाची कापडं यायची. बागायतदारांच्या घरच्या बायका बस्ता बांधून परस्पर तिच्या दारात उतरायच्या. निकाहच्या ओढण्या, शालूवरचे ब्लाऊज, बँडवाल्यांचे कोट, सगळं ती भरायची. मला तिनं शिकवलंही मनापासून, असं मला तेव्हा वाटायचं. रिंगेत कापड ढोलासारखं ताणायचं. गुडघ्यानं मशीनची पट्टी दाबून टाका रुंद-बारीक करायचा. आणि भरायच्या आधी कापडाखाली काय लावायचं ते ठरवायचं.

"कापडाला एकट्याला टाका सोसत न्हाई," ती म्हणायची. "खालनं धरायला कायतरी पायजे."

सुती कापडाखाली ती बकरम, म्हणजे खळीचं ताठ कापड, लावायची. सॅटिनखाली पातळ कागद, तोही काम झाल्यावर एका हातानं टाके दाबून दुसऱ्या हातानं हळूच फाडायचा, नाहीतर टाके उचकटतात. बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाखालचं अस्तर मात्र फाडायचं नाही. कडेनं कापून तसंच ठेवायचं, कारण ते गेलं की पहिल्या धुण्यात नक्षी गोळा होते. हे सगळं तिनं मला दाखवलं.

जॉर्जेट आणि शिफॉन मात्र ती आतल्या खोलीत, दार लोटून भरायची. मी मागं गेले तर म्हणायची, "तलम कामाला ध्यान लागतं. तू चहा टाक." काम झालं की ओढणी बादलीत बुडवून वाळत घालायची. विचारलं तर "धाग्याचा रंग सुटतोय का बघते" म्हणायची. मी विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मीही जॉर्जेट भरून बघायचे. तिनं सांगितल्याप्रमाणं खाली वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घ्यायचे. दर वेळी कापड सुरकुतायचं, कागद फाडताना धागे ओढले जायचे. ती माझं काम उजेडाला धरायची आणि सुस्कारा सोडायची.

"तुझा हात जड हाय गं. सुती काम चांगलं करतीस. तेवढंच कर."

मी कित्येक दुपारी माझेच टाके उसवत बसले आहे. मशीनवर बसण्याआधी बोटं चोळायचे, श्वास रोखून धरायचे, पण कापड सुरकुतायचंच.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. लहानपणापासून मी तिला सांगत आले होते की तुझ्या निकाहची ओढणी मीच भरणार. मोतिया रंगाचं जॉर्जेट तिनं स्वतः पसंत केलं होतं. मी फुफीपुढं कापड ठेवलं आणि विचारलं, "फुफी, हे एकदा तुमच्यासमोर बसून करते. खाली नक्की काय लावू?"

"सांगितलंय की. पेपर लाव, दुहेरी. आन् हात हलका ठेव."

मी तसंच केलं. एका कोपऱ्याची वेल भरून कागद फाडला तेव्हा छपाईची शाई कापडाला लागली होती. वेल आवळून कापडाच्या मुठीएवढ्या चुण्या पडल्या होत्या. शाई निघेना. दुसरं कापड आणायला वेळ नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी शिरूरच्या घरी सगळ्या बायका बसलेल्या असताना फुफीनं पिशवीतून ओढणी काढली. तोच मोतिया रंग, तेच जॉर्जेट. काठाला इतकी बारीक वेल की बायका बोटानं चाचपून बघायला लागल्या. मागं ना कागदाचा कपटा, ना चुणी.

"मला वाटलंच व्हतं," ती अम्मीला म्हणाली. "म्हणून तसलंच कापड आणून आधीच करून ठेवली. पोरीला बोलू नका, हातच जड हाय तिचा."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि फुफीची ओढणी डोक्यावर घेतली. तिनं दुसरं काय करायला हवं होतं? मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसले.

त्यानंतर मी दौंडला परत गेले नाही. माझंही लग्न होऊन मी कारेगावला आले. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात लागला होता. आमच्या चाळीत सगळी कामगारांचीच बिऱ्हाडं. मी जुनं मशीन घेतलं आणि फॉल-पिको करू लागले. नंतर टी-शर्टवर नावं भरायची कामं आली. ती नीट जमत होती, पण कोणी तलम कापड आणलं की मी सांगायचे, "हे माझ्याच्यानं होत नाही." अगदी सहज सांगायचे, जसं कोणी सांगतं की मला कमी ऐकू येतं.

टी-शर्टखालचं अस्तर संपलं म्हणून एकदा पुण्याला गेले. ज्या दुकानातून फुफी माल आणायची, तेच मला ठाऊक होतं. म्हातारे दुकानदार गल्ल्यावर होते. मी दौंडचं नाव काढलं तर त्यांनी ओळखलं.

"त्या बाईंची भाची का? मग तुम्हाला पाण्यातला नको का? त्या तर पहिल्यापासून तोच नेतात."

"पाण्यातला म्हणजे?"

त्यांनी काचेसारखा आरपार दिसणारा पातळ कागद पसरला. एक तुकडा फाडून पाण्याच्या पेल्यात टाकला. तो बघता बघता मऊ झाला आणि नाहीसा झाला. "जॉर्जेटला खाली हा लावायचा. भरून झालं की गार पाण्यात बुडवायचं. मागं काही राहत नाही. बाईंनी दाखवलं नाही?"

मला ती बादली आठवली. वाळत घातलेल्या ओढण्या आठवल्या. मी तो कागद घेतला.

घरी येऊन जॉर्जेटचा तुकडा रिंगेत ताणला, खाली तो कागद लावला आणि वेल भरली. पाण्यातून काढली तर कापड सपाट होतं. पहिल्याच खेपेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मशीनवर डोकं टेकून रडले.

तो तुकडा घेऊन मी दौंडला गेले. फुफी दारातच गहू निवडत होती. मी तुकडा तिच्या सुपात ठेवला. तिनं तो उलटा करून मागची बाजू बघितली आणि समजायचं ते समजली.

"तवा असला कागद मिळत नव्हता," ती म्हणाली.

"दुकानदार म्हणाले, तुम्ही पहिल्यापासून नेता."

तिनं तुकडा सुपाबाहेर ठेवला. मग म्हणाली, "समदं शिकली असतीस तर गिऱ्हाईक तुझ्याकडं गेलं असतं. मला या कामाबिगर काय हाय? तुझं तर समदं पुढं व्हतं."

"कागद लपवला ते मी समजू शकते. पण माझा हात जड आहे, असं सगळ्यांसमोर का म्हणालात? मी ते खरं धरून चालले."

ती खडे वेचत राहिली. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाली. मी चहा न घेता निघाले.

बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे आता, म्हातारी झालीये." मला ते जाऊ देता आलं नाही. फुफीच्या डोळ्यांना पुढं बारीक काम दिसेनासं झालं तेव्हा तिनं भांडगावच्या एका बाईला जॉर्जेट घेऊन माझ्याकडं पाठवलं. त्या बाई म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं, कारेगावला भाची हाय, तिच्याकडं जा. माझ्यापेक्षा बरं करती." मी ओढणी भरून दिली, कारण त्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि तिचा यात काही संबंध नव्हता. फुफीला काय निरोप देऊ, असं त्यांनी जाताना विचारलं. "ओढणी दाखवा," मी म्हणाले, आणि पुढचं कापड रिंगेत घेतलं.