हाउसिंगचं तेल आणि वहिनी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तमाम ट्रकमालकांना, चालकांना, क्लीनरांना आणि त्यातल्या विवाहितांना विशेष करून, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बायकोपासून काही लपवायचे असल्यास आधी गाडीच्या हाउसिंगचे तेल बदलून टाकावे. नुसता शर्ट बदलून भागत नाही. ही सूचना मी माझ्या नव्हे, दिगूभाऊंच्या अनुभवावरून देत आहे. त्यांचं लग्न वहिनींशी झालेलं होतं.

ज्यांनी ट्रकखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा दिसतो, ते हाउसिंग. त्याच्या पोटात पिनियन आणि क्राउन अशी दोन दातेरी चाकं काळ्या घट्ट तेलात एकमेकांत फिरत असतात. ती झिजली की धातू तेलात उतरतो. नुसती करडी राख दिसली तर गाडीचं वय बोलतंय. पातळ पापुद्रे दिसले तर बेअरिंग. टोकदार तुकडे दिसले तर दात. हे सगळं ट्रक लाइनीवर मी सांगायचो, कारण गॅरेज माझं होतं. पुढं पुढं ते वहिनी सांगायला लागल्या, आणि गॅरेज तरीही माझंच होतं.

वहिनींचा संशय आमच्या लाइनीवर मशहूर होता. दिगूभाऊ खेप करून आले की वहिनी आधी गाडीला भेटायच्या, मग नवऱ्याला. केबिनचा पडदा हुंगायच्या. सीट मागं सरकलीय का पाहायच्या. बाजूचा आरसा वाकडा दिसला तर, "आरसा कुणी हलवला? कुणाचं तोंड मावत नव्हतं त्यात?" ट्रकला त्या 'थोरली' म्हणायच्या, कारण ती लग्नाच्या आधीपासून घरात होती. मागच्या फळीवर पेंटरने काढलेली पदरवाली बाई त्यांनी स्वतः केरोसिन लावून पुसली आणि त्या जागी कमळ काढून घेतलं. दिगूभाऊ म्हणजे साधा सरळमार्गी माणूस. औशाच्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या चहावालीला 'मावशी' म्हणायची त्यांना बंदी होती. "मावशी म्हणून म्हणूनच सुरू होते," वहिनी म्हणायच्या. काय सुरू होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा ट्रक सर्व्हिसिंगला आला तेव्हा त्या जुन्या टायरवर बसून पहारा देत होत्या. मी हाउसिंगचं खालचं बूच काढलं, तेल पत्र्याच्या डब्यात पडलं आणि त्यात काहीतरी लकाकलं.

"ओ मिस्त्री, हे काय चमकून राहिलंय?"

आता माणसाला प्रेक्षक मिळाला की तोंड आवरत नाही. मी म्हणालो, "वहिनी, हे तेल म्हणजे गाडीचं बयान. गाडी कशी चालली, किती लादली, कुणी चालवली, सगळं यात उतरतं."

"सगळं?"

"सगळं."

हा शब्द मी गिळायला हवा होता. पुढच्या खेपेला वहिनी घरून तामचिनीची पांढरी ताटली घेऊन आल्या. सोबत मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक. वाटीभर तेल काढायचं, ताटलीत पसरायचं, उन्हात तिरकं धरायचं, चुंबक फिरवायचं, मग चिमटीत चोळून डोळे मिटायचे. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा हात असा बसला की उदगीरकडचे ड्रायव्हर माझ्या गॅरेजात येऊन माझ्याच अंगावरून डबा पुढं न्यायचे. "भाभी, जरा बघता का?" मी हातात पाना घेऊन उभा! एकाला मी विचारलंसुद्धा, "का रे, मी मेलोय का?" तो म्हणाला, "न्हाई ओ मिस्त्री, पण भाभी कशी, लई जीव लावून बघते." माझा जळफळाट झाला. अजूनही होतो. वहिनी वारल्या त्याला बरीच वर्षं झाली, दिगूभाऊंनी त्यानंतर गाडी विकून टाकली, पण लाइनीवरचे नवे मिस्त्री हाउसिंगचं तेल काढताना अजून पांढरी ताटली मागतात. विद्या माझी आणि नाव झालं त्यांचं.

एका खेपेची मात्र त्यांनी झडती घेतली नाही. भूकंप झाला तेव्हा दिगूभाऊ ताडपत्र्या आणि ज्वारी भरून किल्लारीच्या बाजूला गेले आणि पुष्कळ दिवसांनी परतले. केबिनमधून उतरून गॅरेजच्या पायरीवर बसले ते उठेचनात. वहिनींनी सवयीने त्यांच्या शर्टाला नाक लावलं. धुराचा वास होता. त्यांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या आणला आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे पाय धुतले. मी पाठ फिरवून उगाच एक नट घट्ट करत बसलो.

पुढं लातूरला कोचिंगचं पीक आलं. गल्लीगल्लीत क्लास, क्लासामागं होस्टेल आणि होस्टेलला लागतात विटा. दिगूभाऊंच्या खेपा लातूरच्या सुरू झाल्या. त्यांची मुलगीही तिथल्याच एका नामांकित क्लासात, खोली घेऊन राहत होती. "लेकीला मार्कांवर घेतलं, मार्कांवर!" असं वहिनींनी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. नवरा आठवड्याला लातूरला जातो, लेकीला भेटतो, सगळं ठीक. फक्त हल्ली तो उशिरा परतायचा.

आणि एके दिवशी ताटलीत तुकडे आले. चांगले तांदळाच्या कणीएवढे, टोकदार, ताज्या तुटीचे. चुंबकाला टचकन चिकटले.

"दात," वहिनी म्हणाल्या.

"दातच," मी म्हणालो. "पिनियनचा. अजून थोडं चाललं तर सगळं हाउसिंग रस्त्यात बसेल."

"कशानं तुटतो?"

"भरलेली गाडी उठवताना क्लच झटक्यानं सोडला की दातावर घण बसल्यासारखं होतं."

वहिनींनी ताटली खाली ठेवली. "हे झटक्यानं सोडत न्हाईत. भावजयीच्या डोहाळजेवणाला मी बांगड्यांचा खोका मांडीवर घेऊन बसले होते यांच्या शेजारी. अर्धापूरपर्यंत एक फुटली न्हाई."

"हे काम नवशिक्याचं आहे खरं," मी बोलून गेलो. "कुणीतरी गाडी शिकतंय."

"शिकतंय, का शिकतीय?"

वहिनींनी मला बूच लावायला लावलं आणि दिगूभाऊंना काही कळू न देता नेहमीच्या खेपेला जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मी आणि वहिनी लातूरला निघालो. मला 'तेलाचा साक्षीदार' म्हणून नेलं होतं. वाटेत त्या खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "मिस्त्री, बाई निघाली तर मी नांदेडला परत येणार न्हाई. लेकीच्या खोलीवर राहीन. स्वयंपाक करून घालीन चार पोरींना." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली.

विटा जिथं उतरायच्या त्या बांधकामावर ट्रक नव्हता. चौकीदार म्हणाला, "ड्रायव्हर ना? औसा रोडच्या मैदानावर हायेत. तिथं शिकवणी चालते त्यांची."

"कुणाची?" वहिनींनी विचारलं.

"ते आपल्याला काय माहीत बाई. पण दर खेपेला विटा लई फुटतात."

मैदानावर थोरली दिसली. लादलेली, बेडकासारखी उड्या घेत चाललेली. दर उडीला चार विटा खाली. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर होती, आत कोण ते दिसेना. वहिनी पदर खोचून सरळ गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी ओरडलो. गाडीनं एक शेवटचा हिसका दिला आणि बंद पडली.

स्टेअरिंगमागून एक जाडजूड गृहस्थ उतरले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, घामाने चष्मा नाकाच्या टोकावर. "नमस्कार," ते म्हणाले, "क्लचचं जरा राहिलंय अजून."

ते लेकीच्या क्लासचे फिजिक्सचे सर होते.

दुसऱ्या दारातून दिगूभाऊ उतरले. चोरी पकडल्यासारखे उभे राहिले आणि एका दमात सांगून मोकळे झाले. "पोरीचं नाव यादीत नव्हतं गं. थोडक्यात राहिली. मी फाटकाबाहेर गाडीत बसून होतो. सर आले, बोनेटवर हात फिरवून म्हणाले, लहानपणापासून ट्रक चालवायची लई इच्छा आहे. मी म्हणलं, मी तुम्हाला शिकवतो, तुम्ही माझ्या पोरीला शिकवा. पोरीला अजून वाटतं मार्कांवर लागली. तिचं मन मोडेल म्हणून तुलाबी तेच सांगितलं."

"रिकामी चालवा म्हटलं तर यांना भरलेलीच पाहिजे," एवढी तक्रारही त्यांनी मला साक्ष ठेवून करून टाकली.

सरांनी मान खाली घातली. मी मनातल्या मनात हुश्श केलं. बाई नाही, भानगड नाही, पोरीची जागा शाबूत, आणि पिनियन बदलायचं काम माझ्याकडे. आता वहिनी हसतील, मग रडतील, मग आपण चहा घेऊ, असा माझा हिशेब होता.

पण वहिनी सरांकडे बघत नव्हत्या. नवऱ्याकडेही नाही. त्या उघड्या दारातून आतल्या सीटकडे बघत होत्या. सरांच्या वजनाने दबलेली ती सीट हळूहळू फुगून वर येत होती. ही नजर मी ओळखत होतो. माझ्याच गॅरेजात, लोक त्यांच्यापुढं डबे धरायचे तेव्हा, माझ्या डोळ्यांत हीच असायची. आणि सरांसमोर, माझ्यासमोर, फुटक्या विटांच्या त्या मैदानात त्या ओरडल्या, "इतकी वर्षं बाजूला बसून राहिले मी, एकदा तरी म्हणलात का, ये, सरक इकडं, तुला शिकवतो?"