शेजाऱ्याचा पाव

मागच्या रविवारी कुसुमताई तायडे यांनी पावांसाठी मळलेले सगळे पीठ भाजून टाकले. पुढच्या रविवारसाठी त्यातला एक गोळा बाजूला काढून ठेवायचा असतो, तो काढायचा राहिला. त्यांच्या सूनबाई रंजनाताई यांनी सोमवारी सकाळी अकोल्याहून मला अमरावतीला फोन करून हे कळवले. "नक्की?" मी विचारले. "गोळ्याचा डबा पाहिला, भाऊ. धुवून पालथा घातलेला आहे," त्या म्हणाल्या.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशा बातमीने करावी का, याचा मी बराच विचार केला. पण ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या घरच्या पावांविषयी लिहायचे आणि हे दडवायचे, तर ते त्यांनाच आवडले नसते. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम करताना त्यांनी कोणाच्या नातेवाइकांना खोटा धीर दिला नाही. असेल ते सांगत, आणि सांगून झाल्यावर निघून न जाता जवळ बसत.

माझी त्यांची ओळख तिथलीच. अकोल्यात मी वार्ताहर म्हणून नवा होतो आणि माझी आई त्यांच्या वॉर्डात होती. आईला घरी सोडले त्या दिवशी ताईंनी विचारले, "जेवता कुठं तुमी?" खानावळीत, मी म्हणालो. "दिसतेच. रविवारी घरी या. पाव खाता ना?"

मला वाटले, बेकरीतून आणतील. गेलो तर अंगणात चुलीवर मोठे पातेले, आत तापलेली वाळू, झाकणावर निखारे. पाव घरचे, खमीरही घरचे. नर्सिंगच्या वसतिगृहात वसईची एक मैत्रीण होती, तिच्याकडून ताई हे शिकल्या होत्या. वसईत पीठ ताडीने फुगवत. इथे ताडी कुठली? ताईंनी गव्हाचे पीठ, दही आणि गुळाचे पाणी घेऊन आपले खमीर बसवले. त्यानंतर दर खेपेचा एक गोळा पुढच्या खेपेला, दह्याला विरजण लावावे तसा. वैशाखात पीठ उतू जाऊ नये म्हणून डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवत.

त्या पहिल्या रविवारी पाटोडीचा रस्सा होता. मी पावाला हात घातला, तोच ताई म्हणाल्या, "थांबा, भाऊ. इथं आपला पाव आपन नाही तोडायचा." शेजारच्याने तोडायचा, हातात द्यायचा आणि देताना नाव घ्यायचे, असा त्या घरचा नियम. माझ्या शेजारी बार्शीटाकळीचे शेतकरी भास्करराव बसले होते. त्यांच्या वडिलांना ताईंनी दवाखान्यात सांभाळले होते, तेव्हापासून ते येत. माझे नाव विचारून त्यांनी पाव दिला. "घ्या, मनोहरभाऊ. वारा आहे नुसता. यानं पोट कधी भरीन?"

"वारा आहे तं चार कावून घेतले?" ताई म्हणाल्या.

नियमाचे कारण मी पुष्कळ वर्षांनी, एका रविवारी जेवताना विचारले. ताईंनी हातातले काम न थांबवता सांगितले, "लहानपनी गावच्या पंगतीत आमाले दूर बसवत. वाढनारा वरून टाके. पानात पडलं तं पडलं, नाही तं मातीत. नाव तं कोनी घेतच नोतं. म्हनून म्या ठरवलं, माह्या घरी हातानं द्यायचं आन् नाव घेऊन द्यायचं." त्या दिवशी भास्कररावांनी चेष्टा केली नाही. ते खाली पाहून जेवत राहिले.

माझी पत्नी गेली, तोवर मी अमरावतीला राहायला आलो होतो. ती गेल्यावर रविवारचे अकोल्याला जाणे मी बंद केले. ताई एसटीने आल्या. फडक्यात पाव बांधलेले. त्यातला एक तोडून माझ्यापुढे धरला. "घ्या, मनोहरभाऊ. तोडून देल्ला. खायाचं काम तुमचं." पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो.

त्यांच्या पिठाचा गोळा आमच्यातल्या अनेकांनी हौसेने घरी नेला. एक तर शेंदूरजनाघाटपर्यंत गेला. तो जपला मात्र कोणी नाही. रविवारी ताईंकडे ताजे पाव मिळत असताना घरचा डबा कोण सांभाळणार? रंजनाताईंनी या आठवड्यात सगळ्यांना विचारून पाहिले. कोणाकडेही शिल्लक नाही.

गोळा काढायचा राहिला, तो निष्काळजीपणामुळे नाही. ताई विसरू लागल्या आहेत. हे वाढत जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि दुसऱ्यांना खरे सांगत आलेल्या ताईंना त्यांनी ते समोर बसवूनच सांगितले. त्याच मागच्या रविवारी आम्ही जेवत असताना ताईंनी पाव तोडला, भास्कररावांकडे वळल्या आणि "घ्या..." म्हणून थांबल्या. पाव तसाच हातात.

"ताई, वारा देऊन राहिल्या काय मले?" भास्करराव म्हणाले.

ताई हसल्या. नाव काही आले नाही. भास्कररावांनी दोन्ही हातांनी पाव घेतला.

सगळे गेल्यावर ताई रंजनाताईंना म्हणाल्या, "नाव नाही येत तं बोलावू नको आता लोकायले." पालथ्या डब्यापेक्षा हे वाक्य मला जड गेले. ज्या घरात नाव घेतल्याशिवाय घास दिला गेला नाही, ते घर त्या स्वतःच बंद करू पाहत आहेत.

रंजनाताईंनी ते मानलेले नाही. त्यांनी सासूबाईंना जवळ बसवून दही, गूळ आणि पीठ कालवले आहे. प्रमाण ताईंना आठवले नाही, पण कालवताना हात थांबला नाही, असे त्या सांगतात. हा मजकूर छापायला देईपर्यंत त्यावर एकही बुडबुडा आलेला नाही.

सत्काराचा रविवार आता जवळ आला आहे. जेवण ताईंच्या अंगणातच होईल. खमीर उठले तर पाव, नाही तर भाकरी. ती बार्शीटाकळीहून आणण्याचे भास्कररावांनी कबूल केले आहे. ताईंना पुष्कळ आयुष्य लाभो, एवढे म्हणून माझे समाधान होत नाही. त्या आयुष्यात त्यांना कोणी दूर बसवू नये, आजारानेही नाही, असे मागावेसे वाटते.

त्या दिवशी नियम थोडा बदलेल. ताईंच्या शेजारी बसणाऱ्याने आधी आपले नाव सांगायचे, मग त्या ते घेतील आणि पाव देतील. डाव्या हाताची जागा माझी ठरली आहे. मी त्यांना माझे नाव सांगेन. पुन्हा विचारले, तर पुन्हा सांगेन.