आकारामची म्हातारी आणि बटणाचं विमान

कराडजवळच्या एका माळावर एकेकाळी दोन विमानं उभी असायची, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. न वाटलं तर राहिलं. विमानं भाऊसोंची होती. भाऊसोंचा ऊस मोप, आणि हौस उसाहून मोप. लढाई संपल्यावर सरकारनं जुनी विमानं लिलावात काढली, तेव्हा खिल्लारी बैल आणायला म्हणून पुण्याकडं गेलेले भाऊसो विमान घेऊन आले. चार महिने खपून ते चालवायलाही शिकले. बैलांचं काय झालं ते विचारायची त्यांच्यापुढं कुणाची छाती झाली नाही.

त्या विमानाचा मिस्त्री म्हणजे आकाराम. शिक्षण चौथी नापास. मूळचा धंदा विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. विमान म्हणजे पंख लावलेलं इंजिन, एवढंच त्याचं शास्त्र, आणि तेवढ्या शास्त्रावर त्यानं तीन वर्षं ते धूड हवेत ठेवलं होतं. तो त्याला म्हातारी म्हणायचा. म्हातारीचे पंख कापडाचे. कापड फाटलं की आकाराम घरातली जुनेरं आणायचा, ठिगळ शिवायचा आणि वर वार्निश मारायचा. बायको रंगुबाई आधी भांडली, मग तिला त्यात मोठेपणा वाटायला लागला. म्हातारी गावावरून गेली की ती शेजारणींना अंगणात ओढून आणायची आणि सांगायची, ते उजव्या पंखावर हिरवं दिसतंय ना, ते माझं लुगडं.

म्हातारीत घड्याळं-काटे असले लाड नव्हते. टाकीत बुचाचा तुकडा तरंगायचा, त्यात खोचलेली तार झाकणातून वर यायची. तार खाली गेली की उतरायचं. पंखाच्या दांडीवर एक पत्र्याचा पापुद्रा होता. वाऱ्यानं तो जितका मागं रेलेल तितका वेग. हे सगळं एखाद्या म्हशीलाही कळलं असतं, आणि आकारामला त्याचाच अभिमान होता.

मग अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीत भाऊसोंनी नवंकोरं विमान घेतलं. काचेची खोली, गादीच्या बैठका, बटण दाबलं की इंजिन चालू. पुढ्यात अकरा काटे. ते चालवायला सातारच्या एका वकिलांचा मुलगा ठेवला, शरच्चंद्र. पोरगा सज्जन, पण त्याचा काट्यांवर फार जीव. विमानात बोलायचं यंत्रसुद्धा होतं. ऐकायला पार पुण्यापर्यंत कुणी नव्हतं, तरी शरच्चंद्र त्यात रोज सकाळी आपण कुठं आहोत ते सांगायचा.

आणि भाऊसोंनी ठरवून टाकलं. त्यांच्या सांगलीच्या लेकीला, बनुबाईला, मुलगा झाला होता. बारशाला आपल्या आईला घेऊन नव्या विमानातनं जायचं. ते नीट पोचलं की सोमवारी भंगार घेणारा मोडवाला येऊन म्हातारीला घेऊन जाणार. आकारामनं पुन्हा विहिरी धराव्यात. आकाराम घरी गेला आणि जेवणाला हात न लावता तसाच उठला. तीन वर्षं जिला घरातल्या जुनेरांनी जपलं तिचे आता तुकडे होणार होते.

बारशाच्या सकाळी भाऊसोंच्या आई धोंडुबाई ताट घेऊन माळावर आल्या. पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी बैलगाडी हलू दिली नव्हती, तिथं विमान काय हलतंय. नाकावर कुंकू झालं, हार झाला, चाकाखाली लिंबं ठेवली. उदबत्ती खोचायला मात्र केळ नव्हतं. धोंडुबाई म्हणाल्या, आकाराम, लाव रं कुठंतरी. आकाराम जागा शोधत फिरला. डाव्या पंखाखाली करंगळीएवढी नळी पुढं आलेली, तोंडाला नेमकं उदबत्तीएवढं भोक. त्याला मनापासून कौतुक वाटलं. कंपनीवाल्यांनी किती विचार करून ठेवलंय बघा. वाऱ्यानं हलू नये म्हणून त्यानं काडीला निरांजनातल्या वातीचा कापूस गुंडाळला आणि उदबत्ती गच्च बसवली.

भाऊसो, धोंडुबाई आणि शरच्चंद्र आत बसले. बटण दाबलं, इंजिन गुरगुरलं, विमान माळावरून सुसाट निघालं आणि टोकाला जाऊन थांबलं. वळून परत सुसाट आलं आणि थांबलं. आत काय चाललं होतं ते धोंडुबाईंनी पुढं दहा वर्षं सांगितलं. शरच्चंद्र काट्याकडं बघून म्हणत होता, वेग शून्य आहे, आपण जागेवरच उभे आहोत. धोंडुबाई म्हणत होत्या, मग ती बाभळ का पळतीया? भाऊसो काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या खेपेला चाकं जमिनीपासून वीतभर उचलली होती, पण काटा शून्यावर बघून पोरानं इंजिन बंद केलं आणि विमान हरभऱ्यात जाऊन बसलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हरभरा तेवढा गेला.

भाऊसो उतरले ते आग होऊनच. असलं खोटं यंत्र उद्याच कंपनीला परत, आणि हे चालवणारं शहाणंही सातारला परत. शरच्चंद्र लालबुंद होऊन मान खाली घालून उभा राहिला. आकारामचं काळीज मात्र आनंदानं उड्या मारत होतं. म्हातारी वाचली की. त्या भरात तो हरभऱ्यातून विमान ढकलायला धावला, आणि पंखाखाली वाकला तर नळीत काडीचं थोटूक. त्यानं शरच्चंद्राला हळूच विचारलं, ही नळी कशाची. शरच्चंद्र खालच्या आवाजात म्हणाला, हिच्यातून वारा आत जातो, म्हणून वेगाचा काटा फिरतो.

आकारामनं थोटूक उपसलं, कापसासकट खिशात घातलं आणि चालू लागला. कुणी बघितलं नव्हतं. नवं विमान जाणार, म्हातारी राहणार, झालं. सहा पावलं गेला असेल नसेल. मागं भाऊसो त्या पोराची सात पिढ्यांसकट सालटी काढत होते आणि पोरगा गप ऐकत होता. आकारामला स्वतःचाच असा राग आला की त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि तो मागं वळला.

"भाऊसो, मशिनीत काय खोट न्हाई," तो खिशातलं थोटूक पुढं करून म्हणाला. "वाऱ्याच्या नळीत उदबत्ती मीच खोचली व्हती. पोराला बोलू नगा."

भाऊसोंनी त्याच्या तळहातावरचं थोटूक बघितलं. शरच्चंद्रानं नळीत हळूच फुंकर मारून घेतली. आत काटा डुलला. विमान ठणठणीत होतं. भाऊसो म्हणाले, चला बसा, उशीर होतोय. आकारामनं म्हातारीकडं बघायचंसुद्धा टाळलं.

धोंडुबाई हलल्या नाहीत.

"ज्याला देवाची एक उदबत्ती सोसंना, त्यात मी न्हाई बसायची," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्रानं समजावलं, आजी, पुढच्या वेळी दुसरीकडं लावू. धोंडुबाईंनी त्यालाच उलट विचारलं, त्या म्हातारीला तीन वर्षं कुठं कुठं उदबत्ती लावली म्हाईत हाय का? चाकाला लावली, शेपटीला लावली, एकदा पंखाला भोक पडलं, तरी ती उडाली. ती नव्हती म्हणाली, उदबत्तीनं मला सर्दी झाली. आणि पदर खोचून त्या सरळ म्हातारीकडं निघाल्या, शिडी न मागता चढल्या आणि पुढच्या बैठकीत जाऊन बसल्या.

आईपुढं भाऊसोंचं कधी चाललं होतं, ते आज चालणार. त्यांनी मोडवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला, टोपी घट्ट केली आणि मागं, चालवणाऱ्याच्या जागेवर बसले. म्हातारीला बटण नव्हतं, नाकावरचा पंखा हातानं फिरवूनच इंजिन चालू व्हायचं; आकाराम त्या पंख्यापुढं जाऊन उभा राहिला, पण त्याला समोरचं काही दिसेना. डोळे नुसते वाहत होते, आणि सदऱ्याच्या बाहीनं कितीही पुसले तरी थांबत नव्हते.

धोंडुबाई वरून म्हणाल्या, "रडतोस काय आकाराम? फिरव त्यो पंखा. बारसं बारालाच हाय."