चकती थंड होईपर्यंत

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भट्टीमास्तर म्हणत. माणूस भलताच काटेकोर. चहाचा कप विसळल्याशिवाय जागेवर ठेवणार नाही आणि विजेचं बटण बंद केल्याशिवाय कशाला हात लावणार नाही. धाकटा भाऊ विजेच्या धक्क्याने गेला, तेव्हापासून मास्तरांनी विजेचा धसकाच घेतला होता.

हाडात आणि दातात जे खनिज असतं, त्याची भुकटी दाबून ते बटणाएवढ्या चकत्या करत. चकती भट्टीत तापवायची आणि तिला तासभर जबर व्होल्टेज द्यायचं. तापलेल्या खनिजातले भार त्या ओढीने सरकतात आणि थंड होताना तिथेच अडकून बसतात. अशा भारलेल्या चकतीपाशी मोडलेलं हाड लवकर भरून येईल, अशी बाईंना आशा होती. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. पण तपासायला चकती पुन्हा तापवली, की भार बाहेर पडून मोजयंत्राच्या कागदावरची रेघ चढायला हवी, ती सपाटच्या सपाट. अशी सहा वर्षं गेली. याच चकत्यांवर काम करणारी बाईंच्या हाताखालची हुशार पोरगी तर हार मानून संशोधनाला रामराम ठोकून घरी बसली.

दाढ काढायला मास्तर दोन दिवस रजेवर गेले. परत आले तर बाई दारातच उभ्या. त्यांनी स्वतः भट्टी लावली होती आणि रेघ सरसर वर चढली होती. नुकत्याच आणलेल्या नव्या भुकटीचा गुण, असं त्या हसत म्हणाल्या. चकतीची वीज कधी बंद केलीत, असं मास्तरांनी सहज विचारलं. बाईंनी भिंतीवरच्या सूचनांकडे बोट दाखवलं. चकती पूर्ण थंड झाल्यावर.

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. तास भरला की ते आधी वीज तोडायचे, मग तापलेली भट्टी सावकाश निवू द्यायचे. ओढ सुटली की गरम चकतीतले भार अडकण्याआधीच मागे सरकायचे. रोज. इतकं नेटाने कोणी चुकू नये. त्या सूचना त्यांनी स्वतःच तिथे चिकटवल्या होत्या. आता गप्प बसले असते तर सगळं श्रेय भुकटीला गेलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं, "किती चकत्या?"

"सगळ्याच, बाई."

"तिच्यासुद्धा?"

"तिच्यासुद्धा."

बाईंनी फोन काढला, नंबर लावला आणि मास्तरांच्या पुढे धरला. पलीकडे रिंग वाजत होती.

"तिला तुम्हीच सांगा."