टर्बोवरचा आळ

न्यूझीलंडच्या लष्करात लान्स कॉर्पोरल असताना माझी बदली वेलिंग्टनच्या उत्तरेला असलेल्या एका कॅम्पच्या वर्कशॉपमध्ये झाली. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं. त्याआधी पुण्यात डिप्लोमा आणि ऑकलंडच्या पेनरोजमध्ये एका गॅरेजात नोकरी. कुटुंब जॉन्सनव्हिलला राहायचं. मी आठवडाभर कॅम्पवर असायचो आणि शुक्रवारी घरी यायचो.

वर्कशॉपचं काम युद्धपटात दाखवतात तसं नसतं. सकाळी हजेरी, मग जॉबकार्डं, मग ऑइल, ब्रेक, फिल्टर. आमच्या सेक्शनचा प्रमुख कॉर्पोरल हेमी. माओरी, माझ्यापेक्षा डोकंभर उंच, ड्यूटी संपली की हिवाळ्यातही पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला. माझं आडनाव सावंत. त्याने पहिल्याच दिवशी त्याचं 'सॅव' केलं. तिकडे सॅव म्हणजे जत्रेत मिळणारं लाल सॉसेज. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर ते नाव कायमचंच चिकटलं.

हेमीला गाडी दुरुस्त होण्यापेक्षा ती का बिघडली यात जास्त रस होता. नवा पार्ट बसवून गाडी चालू झाली तरी तो जुना पार्ट बेंचवर घेऊन बसायचा. "सॅव, हा मेला कशाने?" उत्तर मिळेपर्यंत जॉबकार्डावर सही नाही.

टर्बोच्या बाबतीत तर तो फारच हट्टी होता. गाडी चढावर दम टाकते, शिटी वाजते, मागून धूर निघतो, की लोक लगेच म्हणतात, टर्बो गेला. अजूनही ओळखीचे लोक मला फोन करून हेच सांगतात. त्यांना मी हेमीचाच क्रम सांगतो. आधी धुराचा रंग बघा. काळा असेल तर इंजिनाला हवा कमी पडते आहे, निळा असेल तर कुठेतरी तेल जळतं आहे. मग एअर फिल्टर. मग हवेच्या सगळ्या रबरी होज आणि त्यांचे क्लॅम्प, हात घालून, खालच्या बाजूनेसुद्धा. मग तेलाची पातळी आणि टर्बोला तेल नेणारी बारीक नळी. ती काजळीने तुंबली असेल तर नवा टर्बोही जुन्याच्या मागोमाग जातो. टर्बोला हात सगळ्यात शेवटी लावायचा, इंजिन बंद आणि गार असताना. शाफ्ट बोटांनी धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर सरकला तर मात्र टर्बो खरंच गेला.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. एका शनिवारी हेमी जेवायला आला. आईने माझ्यामार्फत त्याला विचारलं, "हे टर्बो टर्बो म्हणजे असतं तरी काय?"

हेमीने दोन वाट्या पाठीला पाठ लावून धरल्या. या बाजूला बाहेर जाणारा धूर चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक आहे, ते इंजिनात हवा कोंबतं.

"म्हणजे वाया जाणारा धूर कामाला लावला," आई म्हणाली. "ज्याने काढलं तो संसारी माणूस असणार."

मी भाषांतर केलं. हेमी खो खो हसला आणि आमटी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

आमच्या वर्कशॉपची एक रीत होती. शेवटचा क्लॅम्प किंवा बोल्ट जो आवळेल, त्यानेच गाडी पहिल्या फेरीला चालवायची. कागदोपत्री कुठे नव्हती, पण मोडलेली मी पाहिली नाही. आपल्या हातावर भरवसा नसेल तर दुसऱ्याला त्या गाडीत बसवू नये, एवढाच अर्थ.

त्या वर्षी पूर आला तेव्हा आम्हाला मदतीला पाठवलं. नदीने दोन पूल नेले होते. डोंगराच्या अलीकडे, आमच्याच बाजूच्या गाईंच्या फार्मवर एका बाईला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होतं. ढग इतके खाली की हेलिकॉप्टर येईना. पलीकडच्या हॉस्पिटलला जायला खिंडीतला एकच रस्ता उरला होता. आमची टर्बो डिझेल अँब्युलन्स तिला आणायला निघाली आणि फार्मच्या फाटकापर्यंत कशीबशी पोचली. मेडिक रॉस ती चालवत होता. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"पॉवर नाही. शिटी वाजतेय, काळा धूर. टर्बो गेलाय. ओव्हर."

"टर्बोवर आळ घेऊ नकोस," हेमी म्हणाला. "तिथेच थांब. आम्ही येतोय. आउट."

आमच्या टूल-ट्रकने चिखलातून आम्ही दुपारी पोचलो. मोठा ट्रक खिंडीतल्या खचलेल्या रस्त्यावरून पुढे जाऊ शकत नव्हता. जायचं तर अँब्युलन्सनेच. बाई घरात सोफ्यावर होती, चेहरा पांढराफटक. रॉस तिचं ब्लडप्रेशर घेत होता. तिचा नवरा दारात उभा राहून विचारत होता, "किती वेळ लागेल?"

"कारण सापडलं की सांगतो," हेमी म्हणाला.

बॉनेट उघडलं. हवेच्या होजवर तेल दिसत होतं. असं तेल बघितलं की पुष्कळ मेकॅनिक तिथेच टर्बोवर ठपका ठेवून मोकळे होतात. पण धूर काळा होता, निळा नव्हता. फिल्टर कोरडा, डिपस्टिकवर तेल बरोबर. आयडलवर सगळं शांत. मग हेमीने मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि स्वतः आडवा होऊन खाली डोकं घातलं.

"परत दाब. अजून. थांब! ही बघ, हसतेय."

टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपासून इंजिनाकडे जाणारी होज खालच्या बाजूने बोटभर चिरली होती. इंजिन सावकाश चालताना चीर मिटलेली राहायची. दाब वाढला की ओठांसारखी उघडायची आणि सगळी हवा बाहेर. शिटी तिचीच. शाफ्टची परीक्षा घ्यायला इंजिन गार होईपर्यंत थांबावं लागलं असतं. त्याची गरजच नव्हती.

नवी होज आमच्याकडे नव्हती. मी त्या नवऱ्याला विचारलं, "दूध काढायच्या मशिनची जाड होज आहे का? मनगटाएवढी?" तो पळत मिल्किंग शेडकडे गेला आणि तीन तुकडे घेऊन आला. एक बरोबर बसला. होज पुसून कोरडी केली, त्यावर तो तुकडा बाहीसारखा चढवला. एका टोकाचा क्लॅम्प मी आवळला. दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावला, तेवढ्यात हेमीने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हा माझा."

"रीतीचा फायदा घेतोयस. दुरुस्ती माझी आहे."

"कॉर्पोरल कोण आहे, सॉसेज? पलीकडच्या गावात डेअरीवर गरम पाय मिळतो. तू बस इथे गाईंबरोबर."

डेअरी म्हणजे तिकडचं कोपऱ्यावरचं दुकान, आणि पाय म्हणजे आत खिमा भरलेली पेस्ट्री. त्याने क्लॅम्प आवळला, परत तपासला. बाईला स्ट्रेचरवर घेतलं. रॉस मागे तिच्याजवळ, नवरा पुढे, हेमी स्टिअरिंगवर. चढावर गाडी वळणाआड जाईपर्यंत मी कान देऊन होतो. शिटी नव्हती.

तासाभराने रेडिओवर हेमी आला. "खिंड पार. छान ओढतेय. ओव्हर."

नंतर पुन्हा. "हॉस्पिटलला पोचलो. रॉस इथेच थांबतोय. फार्मच्या बाजूला अजून एक म्हातारं जोडपं अडकलंय ना? त्यांना न्यायला परत येतोय. ओव्हर."

"रस्ता कसा आहे? ओव्हर."

"ओला. आउट."

तो परत आला नाही. खिंडीच्या या बाजूला अख्खी दरड रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगाऱ्यातून गाडी काढली. तो गाडीतच होता. मूल वाचलं होतं, आईही. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती की नाही, मला माहीत नाही.

दरडीच्या वर राहणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितलं की पडझडीच्या आधी गाडीचा आवाज एकदम बदलला होता. मग प्रश्न आला. होज निसटली आणि ऐन वेळी गाडी मंदावली म्हणून तो दरडीखाली सापडला का? मेजरने प्राथमिक तपासणी दुसऱ्या वर्कशॉपच्या स्टाफ सार्जंटकडे दिली. दुरुस्ती माझी, त्यामुळे मी हात लावायचा नाही. उभं राहायची परवानगी मागितली, मिळाली.

ही स्टाफ सार्जंट एक बाई होती, शांतपणे, मोठ्याने बोलत काम करत होती. चिखल काढला. "दोन्ही क्लॅम्प घट्ट. बाही जागेवर, गळती नाही." पाइप सोडवला. शाफ्ट बोटांत धरला. "मोकळा फिरतोय. आत-बाहेर सरकत नाही." मग तिने गिअर बघितला. "दुसरा. त्याने गिअर खाली टाकून जोर मारला होता. आवाज बदलला तो त्यामुळे." तिने माझ्याकडे बघितलं. "गाडीने त्याला दगा दिला नाही, लान्स कॉर्पोरल."

हेमीला त्याच्या गावी माराएवर आणलं होतं. माओरी लोकांचं ते सभाघर. तिथे मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत, आणि त्याच्याविषयी बोलत नाहीत, त्याच्याशीच बोलतात. रागावतात, थट्टा करतात. सेक्शनमधले एकेक जण जाऊन आले. माझी पाळी आली तेव्हा मला शब्द सुचेनात. शवपेटीजवळ बसलेली त्याची आई म्हणाली, "तुझ्या भाषेत बोल. तो समजून घेईल."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि मराठीत सांगितलं. "हेमी, तपासणी झाली. होज जागेवर होती. तुझा क्लॅम्प घट्ट होता, माझाही. टर्बो ठणठणीत. घात दरडीने केला. त्या बाईला मुलगी झाली."

त्याच्या आईने विचारलं, काय सांगितलंस?

"कशाने झालं ते," मी म्हणालो. "ते कळल्याशिवाय तो सही करत नसे."

तिने मान हलवली, सरकून बाकावर जागा केली, आणि मी तिच्याशेजारी बसलो.